नोंदवहीतील खोटी साक्ष

"आमच्या विहिरीचे पाणी म्हणजे अमृत," हे वाक्य वसईच्या कोणत्याही आळीत आजही ऐकावयास मिळते. वाक्य अभिमानाचे आहे, आणि तो अभिमान सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या भूमीने रहाटाच्या पाण्यावर केळी आणि पानवेली पोसल्या, त्या भूमीच्या पुत्रांना आपल्या विहिरींचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या अभिमानाला आम्ही तीन प्रश्न विचारू इच्छितो. हे पाणी शेवटचे कधी तपासले गेले? कोणी तपासले? आणि त्या तपासणीचा कागद कोठे आहे? हे प्रश्न विचारताच बहुतेक ठिकाणी जी शांतता पसरते, ती शांतता हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही येथे महानगरांच्या मोठ्या योजनांविषयी बोलत नाही. एक विहीर किंवा कूपनलिका, एक मोटर, एक उंच टाकी, किलोमीटर-दीड किलोमीटर नळ, शे-दीडशे घरे, एक पंपचालक आणि एक समिती, एवढाच ज्यांचा पसारा, अशा लहान योजनांविषयी आम्ही बोलत आहोत. काही योजना ग्रामपंचायतीच्या आहेत, काही गावकऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेल्या आहेत. धर्मग्रामांच्या शाळा, वसतिगृहे आणि कॉन्व्हेंट ह्यांच्या टाक्यांनाही आम्ही ह्यातून वगळत नाही. ह्या साऱ्या योजनांचे एक वैशिष्ट्य आहे. त्या आपल्या माणसांनी, आपल्या माणसांसाठी चालविलेल्या आहेत. आणि आमचे म्हणणे असे की, हा आपलेपणाच आज आपल्या पाण्याचा सर्वांत मोठा शत्रू होऊन बसला आहे. पंपचालक आपल्याच आळीतला, समितीचा अध्यक्ष आपलाच सोयरा, मग "क्लोरीन मोजलेस का?" असे विचारावयाचे कसे? विचारले तर अविश्वास दाखविल्यासारखे होते. म्हणून कोणीच विचारीत नाही, आणि ज्याला कोणी विचारीत नाही तो हळूहळू मोजेनासा होतो.

ह्या मौनाच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली जातात, ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण पूर्वजांचे. "बापजाद्यांनी हेच पाणी प्यायले, त्यांना काय झाले?" त्यांना काहीच झाले नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या मृत्युनोंदी चाळल्या, तर पटकी, विषमज्वर आणि हगवण ह्यांनी किती पाळणे रिकामे केले हे कोणासही दिसेल. परंतु तेही बाजूस ठेवू. मुख्य गोष्ट ही की, ज्या विहिरीचे पाणी बापजादे प्यायले ती विहीर आज तीच राहिलेली नाही. दगडी कठडा तोच असेल, पण भोवतीची जमीन बदलली आहे. वाडीच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, बावखले बुजविली गेली, आणि प्रत्येक घरामागे शौचालयाची टाकी व शोषखड्डा आला. विहीर आणि शोषखड्डा ह्यांच्यामध्ये किमान १५ मीटर अंतर असावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. आपल्या गावांत गुंठ्या-गुंठ्याची वाटणी झाल्यावर हे अंतर कोणी पट्टी लावून मोजले? किनारपट्टीची आपली जमीन रेताड आहे. पाणी जितक्या सहजतेने तिच्यातून विहिरीत झिरपते, तितक्याच सहजतेने शेजारच्या खड्ड्यातील घाणही झिरपते. ही घाण डोळ्यांना दिसत नाही. कावीळ, विषमज्वर, अतिसार ह्यांचे जंतू काचेसारख्या स्वच्छ पाण्यातूनही येतात. काविळीचा 'ई' हा प्रकार तर गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेततो. तेव्हा पेला उजेडात धरून "पाणी किती निर्मळ आहे बघा" असे म्हणणे हा पुरावा नव्हे.

दुसरे कारण वासाचे. "पावडर टाकली की पाण्याला वास येतो, चहा बिघडतो, भात बेचव होतो." ही तक्रार घेऊन बायाबापड्या पंपचालकाकडे जातात, समितीचे सदस्य त्याला दटावतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा पावडर निम्मी करतो, पुढे तीही थांबते. ह्या पावडरीला सरकारी भाषेत टीसीएल म्हणतात. ती ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. एक हजार लिटर पाण्याला साधारणतः ५ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत सोडावी आणि अर्धा तास थांबून मगच नळ सोडावा, एवढीच ह्यातील विद्या. एक हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर दिवसाला ५५ हजार लिटर पाणी आणि २७५ ग्रॅम पावडर, म्हणजे महिन्याला सव्वाआठ किलो. गावच्या सणाला एका रात्रीत आपण जेवढे फटाके उडवितो, त्यांच्या किमतीत किती महिन्यांची पावडर येईल, हा हिशोब वाचकांनी स्वतः करावा.

परंतु पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही नाही. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडर दमट हवेने निःसत्त्व होते. ती टाकूनही हाती काही लागत नाही. शिवाय आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेला वेळ नळ रिकामे असतात, आणि रिकामा नळ आपल्या सांध्यांतून भोवतालच्या गटाराचे पाणी आत ओढून घेतो. म्हणूनच पावडर किती टाकली ह्यापेक्षा शेवटच्या घराच्या नळाला किती क्लोरीन उरला, हे पाहावयाचे असते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे हा उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा एकही ई-कोलाय जंतू आढळू नये. गावोगावी जिला 'ओ.टी.' म्हणतात ती चाचणी दोन मिनिटांत होते. नमुन्यात थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, न झाले तर नाही. ज्या वासाने आपण नाक मुरडतो, तो पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. पहारेकऱ्याच्या खोकण्याने झोपमोड होते म्हणून त्याला कामावरून काढून टाकणाऱ्या घरधन्याला आपण शहाणा म्हणू काय?

आता नोंदवहीकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे. क्लोरीनची रोजची नोंद ठेवावी, असा दंडक आहे. अशा वह्या आम्ही पाहिल्या आहेत. एका टाकीजवळच्या खोलीत अशीच एक वही आमच्या हाती आली. महिन्याचे तीसही दिवस एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले. प्रत्येक दिवसापुढे तोच आकडा आणि 'ठीक' हा शेरा. त्या महिन्यात दोन दिवस वीज नव्हती आणि टाकी कोरडी होती, तरीही त्या दोन दिवसांचा क्लोरीन 'ठीक' होता! पाणी नव्हते, पण क्लोरीन होता! ह्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. खोटी साक्ष म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय येते, पिंजरा येतो, शपथ येते. पण न मोजता लिहिलेला आकडा ही खोटी साक्ष नव्हे तर काय? ती आपल्या शेजाऱ्याच्या तान्ह्या बाळाविरुद्ध दिलेली साक्ष आहे. आणि ती केवळ लिहिणारा देत नाही. वही न उघडता तिच्यावर सही करणारा सदस्य आणि तो सही करणार हे ठाऊक असूनही गप्प बसणारे आपण, सारेच त्या साक्षीत सामील आहोत.

एवढ्याशा गोष्टीचे हे फारच मोठे अवडंबर झाले, असे कोणास वाटल्यास त्याने वॉकर्टनची हकीकत ऐकावी. आपल्या कित्येक घरांतील मुले आज कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात संसार थाटून आहेत. वॉकर्टन हे त्याच प्रांतातले सुमारे पाच हजार वस्तीचे शेतीप्रधान गाव. आपल्या एखाद्या मोठ्या धर्मग्रामाएवढे. तेथे काही विहिरी होत्या, त्यांना क्लोरीनची यंत्रे होती, आणि पाण्याचा कारभार गावातल्याच दोघा भावांच्या हाती होता. ते दोघे दुष्ट नव्हते. गावचे पाणी मुळातच उत्तम आहे अशी त्यांची मनोमन श्रद्धा होती. क्लोरीन न घातलेले पाणी ते स्वतः पीत. क्लोरीनच्या चवीबद्दल गावकरी कुरकुर करीत, म्हणून तो कमी टाकला जाई. रोजचे मोजमाप होत नसे. वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असे ठरीव आकडे लिहिले जात. वर्षानुवर्षे हे चालले आणि वर्षानुवर्षे काहीच झाले नाही.

मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला. एका उथळ विहिरीत जवळच्या गोठ्याकडील शेणखताचे पाणी उतरले, आणि त्याबरोबर ई-कोलायची एक घातक जात. त्या वेळी पाण्यात पुरेसा क्लोरीन नव्हता. प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा अहवाल पाठविला, तो व्यवस्थापकाने दडवून ठेवला. आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली असता, पाणी ठीक असल्याचे उत्तर त्यांना मिळाले. पाणी उकळून प्या, अशी सूचना अखेर २१ मे रोजी निघाली, तीही त्या अधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर काढली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. २३०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ७ जण दगावले. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर ह्यांच्या आयोगाने २००२ मध्ये आपला अहवाल दिला. ज्याच्या गोठ्याकडून घाण आली, त्या शेतकऱ्याला आयोगाने दोष दिला नाही. तो आपले काम रीतीने करीत होता. क्लोरीन व पाण्याचा गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे त्या विहिरीवर असती, तर हा अनर्थ टळला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रयोगशाळांचे काम खासगी हाती सोपविताना, दूषित पाण्याचा अहवाल आरोग्य खात्याला कळविण्याची सक्ती न करणाऱ्या सरकारलाही त्याने सोडले नाही.

एका संपन्न देशातील ही गोष्ट आम्ही अशासाठी सांगितली की, तेथे पैसा होता, यंत्रे होती, कायदे होते. नव्हता तो एक खरा आकडा. आणि जे जे तेथे होते, ते ते सारे आपल्याकडेही आहे: पाण्यावरची आंधळी श्रद्धा, वासाची कुरकुर, आपलीच माणसे आणि आपलीच वही. पाऊस तर आपल्याकडे दरवर्षी मुसळधार पडतो!

तिसरे कारण सरकारचे. "हे सरकारचे काम आहे, आम्ही कर भरतो." सरकारने आपले काम करावे, ह्याविषयी आमचे दुमत नाही. महाराष्ट्रात गावोगाव जलसुरक्षक नेमण्याची पद्धत आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावांना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची व्यवस्था आहे. जंतूंसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, व रासायनिक घटकांसाठी वर्षातून एकदा नमुने तपासावेत, असे केंद्र सरकारचा २०१३ चा नियम सांगतो. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने तर प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे असे ठरविले. आम्ही विचारतो, आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या पाच महिला कोण? ग्रामसभेत रस्त्याच्या डांबरावरून दोन तास भांडणारे आपण, हा प्रश्न तेथे कधी विचारला काय? जी गावे महापालिकेत गेली, तेथील रहिवाशांनी तरी प्रभागाच्या कार्यालयात जाऊन तपासणीचा अहवाल मागितला काय?

शिवाय एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. भारतीय मानक १०५०० हे नळाच्या पाण्यापुरते स्वेच्छेने पाळावयाचे मानक आहे. ते मोडले म्हणून शिक्षा व्हावी, अशी त्याची घडण नाही. म्हणजेच जेथे कायद्याचा हात आखडतो तेथे सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते. विवेकबुद्धीच्या जोपासनेचा वसा घेतलेल्या समाजाने "कायदा सक्ती करीत नाही" हे निमित्त पुढे करावे, ह्याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

चौथे कारण हल्ली कोणी बोलून दाखवीत नाही, पण ते सर्वांत प्रभावी आहे. "आमच्या घरी फिल्टर आहे." ज्यांची ऐपत आहे त्यांनी भिंतीवर यंत्र बसविले, ज्यांची नाही त्यांचा प्रश्न त्यांचा! समितीत बसणारे, ग्रामसभेत बोलणारे, शब्दाला वजन असणारे बहुतेक लोक ह्या पहिल्या वर्गातले. त्यांच्या घरचे पाणी सुरक्षित झाल्याबरोबर गावाच्या पाण्याविषयीची त्यांची चिंता मिटली. टाकीतले दूषित पाणी मग कोण पितो? चाळीतील भाडेकरू पितो, वाडीवर राबणारे आदिवासी कुटुंब पिते, बांधकामावरील मजूर पितो, आणि ज्या म्हातारीला यंत्राची मेणबत्ती बदलण्याचा खर्च झेपत नाही ती पिते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात, सुरक्षित पिण्याचे पाणी मिळणे हा मूलभूत व सार्वत्रिक मानवी हक्क आहे, असे निःसंदिग्धपणे म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हाच हक्क २०१० मध्ये मान्य केला होता. हक्क सर्वांचा आणि फिल्टर आपला, अशी वाटणी ख्रिस्ती समाजाला शोभत नाही.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात यरीहो नगराची कथा आहे. नगराची जागा रम्य होती, पण पाणी वाईट होते. तेथील माणसांनी संदेष्टा अलीशा ह्याच्याकडे जाऊन हे स्वतः सांगितले. "आमचे पाणी अमृत आहे" असे ते म्हणाले नाहीत, ही त्या कथेतील पहिली शिकवण. अलीशाने नव्या पात्रात मीठ मागविले, तो झऱ्याच्या उगमापाशी गेला आणि ते मीठ त्याने उगमात टाकले. त्याने श्रीमंतांच्या घरोघर गाळण्या बसवून दिल्या नाहीत, ही दुसरी शिकवण. पाणी उगमापाशी सुधारले की ते धन्याला आणि चाकराला सारखेच मिळते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात तर नियमच आहे: खड्डा खणून जो तो उघडा ठेवील, त्याने त्यात पडलेल्या बैलाची भरपाई करावी. हेतू वाईट नव्हता, ही सबब मोशेच्या नियमशास्त्राने ऐकून घेतली नाही. बैलासाठी जर एवढी जबाबदारी, तर माणसाच्या लेकरासाठी किती?

म्हणून आम्ही आमच्या धर्मग्राम मंडळांपुढे, पाणी समित्यांपुढे आणि विशेषतः महिला मंडळांपुढे काही मागण्या ठेवीत आहोत. प्रत्येक योजनेच्या शेवटच्या नळाला रोज क्लोरीन मोजला जावा, आणि तो आकडा वहीत दडून न राहता टाकीवरील, चर्चच्या आवारातील वा चावडीजवळील फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहिला जावा. मोजमाप झाले नाही त्या दिवशी "आज मोजले नाही" असे लिहावे; हे तीन शब्द शंभर खोट्या 'ठीक' पेक्षा मोलाचे आहेत. पंपचालकाखेरीज दुसऱ्या कोणीतरी आठवड्यातून एकदा, न सांगता, तोच नमुना पुन्हा तपासावा. विष्ठेतील जंतू ओळखण्याची एक सोपी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पुढे आणली. तीत पाणी भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर पाणी घातक समजावे. ती आठवी-नववीच्या मुलांनाही वापरता येते. आमच्या शाळांनी ते काम अंगावर घ्यावे. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुना प्रयोगशाळेत जावा व त्याचा अहवाल मिस्सानंतरच्या सूचनांत वाचून दाखविला जावा. लग्नाच्या हाका जेथे देता येतात, तेथे पाण्याचा अहवाल वाचण्यात कोणते पावित्र्य भंगणार आहे? पाणी खारट झाले असेल वा त्यात खतांतील नायट्रेट उतरले असेल, तर क्लोरीन त्याला उपाय नाही. तेही ह्या अहवालातूनच कळेल आणि दुसरा स्रोत शोधता येईल.

ह्यात पंपचालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. तुटपुंज्या मानधनावर पहाटे चारला मोटर सुरू करणारा हा माणूस गावाचा सेवक आहे. त्याला ताजी पावडर द्यावी, चाचणीची पेटी द्यावी, रीतसर शिक्षण द्यावे, वेळेवर पगार द्यावा आणि क्लोरीनच्या वासावरून त्याला कोणी दटावू लागल्यास समितीने त्याच्या पाठीशी उभे राहावे. एवढे दिल्यावर त्याच्याकडून एकच गोष्ट मागावी: खरा आकडा.

वसईने पाण्यासाठी लढे दिले आहेत. विहिरी उपसून नेणाऱ्या टँकरांपुढे येथील स्त्री-पुरुष उभे राहिले, लाठ्यांना भ्याले नाहीत. पाणी वाचविण्यासाठी जो समाज रस्त्यावर उतरला, तो ते पाणी तपासण्यासाठी टाकीपर्यंत चालत जाणार नाही काय? बाहेरच्याशी लढणे सोपे असते, कारण शत्रू समोर दिसतो. आपल्याच माणसाला "वही दाखव" म्हणणे कठीण असते. पण शेजाऱ्यावरील प्रीती ही केवळ गोड बोलण्याची वस्तू नव्हे. तहानलेल्याला दिलेल्या पेलाभर पाण्याचे प्रतिफळ मिळेल, असे प्रभूने सांगितले आहे. त्या पेल्यात काय आहे हे पाहण्याची तसदी न घेता तो पुढे करणाऱ्याने कोणत्या प्रतिफळाची आशा धरावी? पाण्यावरील प्रेम आपण पुष्कळ बोलून दाखविले. आता ते मोजून दाखवू या.